घोडा का अडला?

सडलेले पान, करपलेली भाकरी आणि अडलेला घोडा या तिन्हींचे कारण एकच कसे, हे कोडे मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या मुलांना घातले गेले आहे. न फिरवल्यामुळे, हे त्याचे उत्तर. कोडे गमतीचे असले तरी त्यात एक शहाणपण दडलेले आहे. अडण्याचा दोष ते घोड्याच्या माथी मारत नाही. ज्याने त्याला फिरवायला हवे होते, त्याच्याकडे बोट दाखवते. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका आजारी, पायांनी अधू झालेल्या स्त्रीने हेच शहाणपण एका पुस्तकात मांडले. घोडा अडतो, बुजतो, उधळतो, लाथा झाडतो किंवा गुडघ्यांवर कोसळतो, तेव्हा त्याला दोष देण्याआधी लगाम कोणाच्या हाती होता ते पाहावे, हे तिने जगाला शिकवले. त्या स्त्रीचे नाव ॲना स्यूएल आणि त्या पुस्तकाचे नाव ‘ब्लॅक ब्यूटी’. पुस्तक जगभर गेले. पण लेखिकेचे आयुष्य मात्र त्यामागे झाकलेलेच राहिले.

ॲनाचा जन्म ३० मार्च १८२० रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यारमथ या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधे कपडे, साधे बोलणे आणि कोणत्याही जिवाला दुखवायचे नाही, ही त्या घराची रीत होती. वडील आयझॅक कापडाच्या व्यापारात उतरले, पण व्यापार त्यांना कधी लाभला नाही. ॲनाच्या जन्मानंतर लवकरच कुटुंब लंडनला आले आणि तेथेही दुकान बुडाले. आई मेरी मात्र मोठ्या जिद्दीची. ॲना आणि तिचा धाकटा भाऊ फिलिप यांना तिने घरीच शिकवले. नॉर्फोकमधील बक्सटन येथे या मुलांचे आजोळ होते. शेतीवाडी, कुरणे आणि घोडे यांनी भरलेल्या या आजोळी ॲना लहानपणीच घोड्यावर बसायला शिकली. शहरातल्या तंगीच्या संसारातून सुटून तेथे घालवलेले दिवस तिच्या मनात कायमचे घर करून राहिले.

चौदा वर्षांची असताना एके दिवशी पावसात शाळेतून घरी येताना ती घसरून पडली आणि तिचे घोटे दुखावले. दुखापत वरवर साधी होती. परंतु बहुधा चुकीच्या उपचारांमुळे ती कधीच बरी झाली नाही. त्या दिवसापासून ॲनाला फार वेळ उभे राहता येईना आणि दूरवर चालता येईना. पुढची चार दशके तिने कधी कुबडीच्या आधाराने, कधी आरामखुर्चीत आणि बराच काळ अंथरुणावर काढली. समुद्राच्या हवेने मुलीला बरे वाटेल या आशेने वडिलांनी १८३६ मध्ये ब्रायटन येथील बँकेतील नोकरी स्वीकारली. युरोपातील औषधी झऱ्यांचे उपचारही करून झाले. त्यांचा गुण तात्पुरता येई आणि पुन्हा दुखणे उलटे.

चालणे सुटले तेव्हा ॲनाचा घोड्यांशी असलेला संबंध बदलला. लहानपणी घोडा ही मौज होती. आता तो तिचे पायच झाला. तट्टाची छोटी गाडी ती स्वतः हाकू लागली. बँकेत जाणाऱ्या वडिलांना स्टेशनावर सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे, हा कित्येक वर्षे तिचा नेम होता. ज्याच्यावाचून आपल्याला घराबाहेर पडता येत नाही, त्या प्राण्याकडे ती साहजिकच बारकाईने पाहू लागली. त्याचे कान कधी मागे जातात, मान कधी ताठ होते, चढावर तो डोके खाली का घालतो, कोणत्या आवाजाने शांत होतो, हे तिच्या अंगवळणी पडले. तिच्या गाडीत बसलेल्यांनी सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. ती लगाम सैल धरी, चाबकाकडे तिचा हात जात नसे आणि वाटभर घोड्याशी बोलत राही. चढ आला की त्याला समजावी, वाट चांगली लागली की शाबासकी देई. घोडाही तिच्या बोलण्यावर चाले.

तिच्या आसपास मात्र वेगळेच दृश्य दिसे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड घोड्यांवर चालत होते. आगगाडी आली तरी स्टेशनापर्यंत जायला आणि स्टेशनावरून घरी यायला घोडाच लागे. मालाच्या गाड्या, प्रवासी बग्ग्या, डॉक्टरांची टपवजा गाडी, श्रीमंतांचा चार घोड्यांचा रथ, सारे त्याच्याच खांद्यावर होते. घोडे वापरणाऱ्यांची संख्या अशी वाढत गेली, पण घोडा जाणणाऱ्यांची संख्या तशी वाढली नाही. शहरात वाढलेला, जन्मात कधी पागेत पाऊल न टाकलेला माणूस पैसे मोजून तासाभरासाठी घोडा घेई आणि चाबूक हातात आला म्हणजे हाकणेही आले, असे समजे. ॲनाला अस्वस्थ केले ते या अज्ञानाने. क्रूर माणसे थोडी होती आणि ती ओळखूही येत. पण चांगल्या मनाची, देवाला भिणारी, घरी मुलांवर माया करणारी माणसे केवळ न समजल्यामुळे घोड्याचे हाल करीत होती.

लेखनाचा वारसा आईचा होता. मेरी स्यूएल साध्या भाषेत नीतिपर पद्यकथा लिही. तिच्या ‘मदर्स लास्ट वर्ड्स’ या १८६० मधील पद्यकथेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. आईचे लेखन आधी ॲनाच्या कानांवरून जाई आणि लेक त्यावर निर्दयपणे कात्री चालवी. सोपे, नेमके आणि अलंकारांवाचून कसे लिहावे याचे शिक्षण तिला या संपादनातूनच मिळाले. स्वतः मात्र ती पन्नाशीपर्यंत लेखिका झाली नव्हती. याच काळात एका स्नेही बाईंना गाडीतून पोहोचवताना प्राण्यांविषयीच्या एका निबंधाबद्दल झालेले बोलणे तिच्या मनात रुजले, असे त्या बाईंनी पुढे नोंदवले आहे. हा निबंध अमेरिकन धर्मचिंतक होरेस बुशनेल यांचा होता.

१८६७ मध्ये स्यूएल कुटुंब नॉर्विचजवळील ओल्ड कॅटन या गावी राहायला आले. भाऊ फिलिपची पत्नी वारली होती आणि त्याच्या लेकरांना आजीआजोबांचा व आत्याचा आधार हवा होता. फिलिपकडे उत्तम घोडे होते. त्यातील बेसी नावाच्या घोडीवरून ब्लॅक ब्यूटी सुचला, असे या कुटुंबात सांगितले जाई. येथेच ॲनाची प्रकृती पार ढासळली. १८७१ मध्ये डॉक्टरांनी तिच्या हाती जेमतेम दीड वर्षाचे आयुष्य असल्याचे सांगितले. त्याच वर्षी तिने आपल्या रोजनिशीत, नाताळसाठी बाहुल्या तयार करण्याच्या कामासोबत, आपण एका घोड्याचे चरित्र लिहीत असल्याची साधी नोंद केली. डॉक्टरांचा अंदाज चुकला. ती आणखी सहा वर्षांहून अधिक जगली आणि त्यातील बराचसा काळ कोचावर पडून काढला. अंगात थोडी शक्ती असेल त्या दिवशी पेन्सिलीने कागदाच्या चिठोऱ्यांवर चार ओळी लिहायच्या आणि आईने त्या उतरवून काढायच्या, असे हे पुस्तक तयार झाले. कधी महिनोन् महिने एक ओळही होत नसे.

पुस्तक घोड्याच्या तोंडून सांगितलेले आहे. कुरणातल्या शिंगरापासून लंडनच्या भाड्याच्या गाडीपर्यंत ब्लॅक ब्यूटी अनेक मालकांच्या हाती जातो. ही कथा जितकी घोड्याची, तितकीच त्या हातांची आहे. शिकाऊ हातांचे तर तिने जणू वर्गीकरणच करून ठेवले आहे. बाथ शहरातील एका भाड्याच्या पागेत ब्यूटी येतो, तेव्हा रोज नवा माणूस त्याला हाकतो. काही जण लगाम इतका ताणून धरतात की घोड्याच्या तोंडाला क्षणभर उसंत मिळत नाही. आपण त्याला सावरून धरले आहे, असा त्यांचा समज असतो. काही जण लगाम मांडीवर टाकून गप्पांत रंगतात आणि वाटेत काही आडवे आले की एकदम हिसका देतात. तिसरा वर्ग आगगाडीच्या प्रवासाला सरावलेल्या शहरी लोकांचा. घोडा म्हणजे वाफेचे छोटे इंजिन, पैसे मोजले की हवे तितके ओझे घेऊन हव्या त्या वेगाने तो धावलाच पाहिजे, असे त्यांना वाटते. चढ, चिखल, तापलेला रस्ता यांचा हिशेब त्यांच्या भाड्यात नसतो.

याच प्रकरणातील एक प्रसंग आजही मासलेवाईक वाटतो. बायकामुलांना घेऊन फिरायला निघालेला एक गृहस्थ गप्पांच्या भरात गाडी हाकत असतो. नव्याने खडी टाकलेल्या रस्त्यावर ब्यूटीच्या पुढच्या खुरात दगड अडकतो. जाणत्या माणसाला तो तीन पावलांतच कळला असता. या गृहस्थाला घोडा लंगडतो आहे हे उशिरा दिसते आणि दिसल्यावर राग येतो तो पागेवाल्याचा, की लंगडा घोडा आपल्या गळ्यात मारला. मग घोड्याचा, की तो ढोंग करतो आहे. शेवटी समोरून येणारा एक शेतकरी खाली उतरतो आणि तो खूर उचलून दगड काढून देतो. घोड्याच्या पायात असे दगड अडकतात, ही गोष्टच त्या गृहस्थाला तेव्हा प्रथम कळते. या साऱ्यात दुष्टपणा कोठेही नाही. घोडा मात्र तेवढा वेळ त्या दगडावर पाऊल टाकीत चालला आहे.

अनभिज्ञ मालकाचे चित्र तर याहून बोलके आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून व्यायामासाठी घोडा घेणारे मिस्टर बॅरी हे सज्जन गृहस्थ. चंदी, वैरण, कोंडा, सारे उत्तम प्रतीचे मागवतात. पण त्यांतले घोड्याच्या पोटात किती जाते हे पाहण्याची नजर त्यांच्याकडे नाही. मोतद्दार दाणा चोरतो. घोडा दिवसेंदिवस मरगळतो, आणि ही मरगळ कशाची ते मालकाच्या मित्राने घोड्याकडे एकवार पाहून ओळखेपर्यंत मालकाला कळत नाही. दुसरा मोतद्दार येतो तो देखणा आणि गोडबोल्या, पण तबेला साफ करण्याचा त्याला कंटाळा. ओल्या, घाण पेंढ्यावर उभे राहून घोड्याचे खूर सडतात आणि तो ठेचकाळू लागतो. नालबंद खूर उचलून कारण सांगतो तेव्हा बॅरी दोनदा फसवणूक झाल्याने विटतात आणि घोडा पाळण्याचा नादच सोडतात. घोडा विकला जातो. चूक त्याची नसूनही शिक्षा त्याला होते. हे सूत्र पुस्तकभर दिसते.

मुलांच्या हातून होणाऱ्या चुकाही ॲनाने टिपल्या आहेत. मेरीलेग्ज हे गुबगुबीत, गरीब स्वभावाचे तट्टू आळीपाळीने मुलामुलींना पाठीवर फिरवते. मुले मात्र हातात काठ्या घेऊन त्याला थांबूच देत नाहीत. शेवटी ते मागच्या पायांवर उभे राहून एकेकाला अलगद गवतावर उतरवते. पाहणाऱ्याला ते तट्टू अवखळ झालेले दिसते. प्रत्यक्षात ते दमल्याचे सांगत असते. जिंजर या घोडीची कथा याच्या दुसऱ्या टोकाची. लहानपणी तिला जोरजबरदस्तीने वठणीवर आणलेले, म्हणून ती चावते आणि दुगाण्या झाडते. चांगल्या पागेत आल्यावर तीच घोडी हळूहळू निवळते आणि पुन्हा कठोर हाती पडल्यावर तिचा अंत होतो.

आज प्राणिशास्त्र जे सांगते, त्याच्याशी ॲनाचे निरीक्षण पुष्कळ जुळते. घोडा हा मुळात शिकार होणारा, कळपात राहणारा प्राणी. धोका दिसला की पळणे हा त्याचा पहिला बचाव. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण अगदी पाठीमागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही. नवखा माणूस नेमका मागून, न बोलता जवळ जातो आणि लाथ खातो. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरते, इतका त्याचा स्पर्श तीक्ष्ण असतो. घाबरलेला नवशिका स्वार तोल सावरण्यासाठी लगाम ओढतो आणि त्याच वेळी टाचांनी पोट आवळतो. लगाम थांब म्हणतो आणि टाचा चल म्हणतात. या दोन उलट आज्ञांपुढे घोडा गोंधळतो, डोके झटकतो, मागे सरतो किंवा उधळतो आणि मग त्याच्यावर अडेलपणाचा शिक्का बसतो. स्वाराची भीतीही त्याच्यापर्यंत पोहोचते. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, घोडा पुढे जात असताना अचानक छत्री उघडली जाईल असे त्याला नेणाऱ्या माणसांना सांगितले होते. छत्री उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबत घोड्यांचेही.

जाणत्या माणसांच्या हातूनही एक अन्याय होत असे, तो फॅशनचा. श्रीमंतांच्या गाडीच्या घोड्यांची मान रुबाबात उंच दिसावी म्हणून त्यांना ‘बेअरिंग रेन’ हा आखूड, घट्ट लगाम बांधला जाई. घोडा ओझे ओढताना मान खाली घालून सारे अंग पुढे झोकतो. हा लगाम ते अशक्य करी. चढावर घोड्याचा दम कोंडे, तोंडाला जखमा होत, पाठ दुखे आणि बिचारा चिडखोर बने. रस्त्यावरून पाहणाऱ्यांना मात्र तो तेजस्वी वाटे. या प्रथेविरुद्ध एडवर्ड फ्लॉवर यांच्यासारखे लोक पत्रके काढून झगडत होते. ॲनाने त्या वेदनेला पहिल्यांदाच घोड्याचा आवाज दिला.

२४ नोव्हेंबर १८७७ रोजी नॉर्विचच्या जॅरल्ड अँड सन्स या प्रकाशनाने हे पुस्तक प्रसिद्ध केले. लेखिकेला त्याचे एकरकमी ४० पौंड मिळाले. पुस्तक मुलांसाठी लिहिलेले नव्हते. गाडीवान, मोतद्दार, पागेतील पोरे अशा घोड्यांमध्ये वावरणाऱ्या कष्टकऱ्यांनी ते वाचावे आणि त्यांच्या मनात घोड्याविषयी कणव व समज निर्माण व्हावी, एवढाच तिचा हेतू होता. म्हणून त्यातील भाषा सोपी, प्रकरणे लहान आणि सूचना व्यवहारातल्या. घामाघूम घोड्याला थंड पाणी देऊ नये, खूर रोज पाहावेत, चढावर लगाम सैल सोडावा, अशा कितीतरी गोष्टी कथेच्या ओघात येतात.

यशाची फक्त चाहूल तिच्या वाट्याला आली. पुस्तक निघाल्यानंतर पाच महिन्यांनी, २५ एप्रिल १८७८ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ॲनाचे निधन झाले. बक्सटनजवळील लॅमस येथील क्वेकरांच्या दफनभूमीत तिला ठेवण्यात आले. अंत्ययात्रेसाठी दारात आलेल्या गाड्यांच्या घोड्यांना तोच मान ताणणारा लगाम बांधलेला आईने खिडकीतून पाहिला. तिने तातडीने तो सर्व घोड्यांचा काढायला लावला आणि मगच यात्रा निघाली, असे सांगतात. मोकळ्या मानेचे घोडे ॲनाला अखेरच्या वाटेने घेऊन गेले.

त्यानंतर पुस्तकाचा वारू चौखूर उधळला. १८९० मध्ये अमेरिकेत प्राणिदयेच्या चळवळीचे नेते जॉर्ज एंजल यांनी त्याची स्वस्त आवृत्ती काढून गाडीवान आणि पागेवाल्यांमध्ये लाखो प्रती वाटल्या. इंग्रजीतील सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते आणि एकूण पाच कोटींहून अधिक प्रती गेल्याचे मानले जाते. मान ताणणारा तो लगाम पुढे मागे पडत गेला, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा होता. रस्त्यावरून घोडागाड्या गेल्या, मोटारी आल्या आणि गाडीवानांसाठी लिहिलेले हे पुस्तक मुलांच्या कपाटात जाऊन बसले.

त्यातील एक पात्र मात्र मोठ्यांनीही विसरू नये असे आहे. जो ग्रीन हा चौदा-साडेचौदा वर्षांचा, नुकताच पागेत कामाला लागलेला पोरगा. मालकिणीच्या जिवावर बेतलेले असताना ब्यूटी रात्री आठ मैल भरधाव जाऊन डॉक्टरला आणतो. घामाने निथळणारा घोडा जोच्या हाती येतो. पोरगा मायाळू आहे, मेहनती आहे. त्याला फक्त माहिती नाही. घोडा तापलेला आहे, त्याला झूल कशाला, असे म्हणून तो त्याच्या अंगावर काही टाकत नाही, वर बादलीभर गार पाणी पाजतो आणि पुढ्यात चंदी ठेवून निर्धास्त झोपायला जातो. ब्यूटीच्या फुफ्फुसांना सूज येते आणि तो मरणाच्या दारातून परततो. मला ठाऊक नव्हते, ही सबब पागेतला जुना जाणता जॉन मॅन्ली ऐकून घेत नाही. दुष्टपणाच्या खालोखाल वाईट काही असेल तर ते अज्ञान, आणि त्याने होणारी हानी दुष्टपणापेक्षा कमी नसते, असे तो मानतो. जो मात्र हे विसरत नाही. तो शिकतो.

कथेच्या शेवटी, अनेक मालक आणि अनेक मार खाऊन थकलेला, गुडघ्यांवर जखमांचे वण असलेला ब्यूटी तीन बहिणींच्या घरी येतो. तेथला मोतद्दार त्याला खरारा करू लागतो. कपाळावरचा पांढरा ठिपका, एक पांढरा पाय, पाठीवरची पांढऱ्या केसांची छोटीशी खूण पाहता पाहता त्याचे हात थबकतात. तो मोतद्दार म्हणजे मोठा झालेला जो ग्रीन असतो. ज्या हातांनी अजाणतेपणी त्याला मरणाच्या दारात नेले होते, त्याच हातांत ॲनाने आपला घोडा विश्वासाने सोपवला आणि कथा संपवली.